एकशे एकेचाळिसावी फ्रेम

पुण्यात कुणाला सांगितलं की सुट्टीला अमरावती-अकोल्याला चालले आहे, तर समोरचा चेहरा गंभीर करून विचारतो, "कोण आजारी आहे?" कोकणात माणूस मासे खायला जातो, महाबळेश्वरला हवा खायला. वऱ्हाडात फक्त भेटायला जायचं असतं, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. मी अमरावतीचीच. अठ्ठावीस वर्षं पुण्यात राहून माझं 'मले-तुले' गेलं. त्याच्या जागी पुणेरी काही आलं असेल तर ते एवढंच, की माहेरी जायलाही आता मला कारण लागतं.

कारण शैलाच्या फोनने दिलं. "शेवटचा शॉट रायला. पाहाले ये. सोमवारी खोली जाऊन राहिली."

शैला माझी शाळेतली मैत्रीण. अकोल्यात मुलांना चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात गेली सात वर्षं अकरा मिनिटांची एक फिल्म करते आहे. स्टॉप-मोशन. म्हणजे बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. सरकारी कचेरीत याहून जरा वेगाने काम होतं, फक्त तिथे शेवटी काहीच हललेलं दिसत नाही.

ही फिल्म ती करते जठारपेठेत, भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत. चौदा वर्षांपूर्वी नवरा गेला, त्यानंतर वर्षभरात ती त्या घरात आली. अकोल्यात आता दर दुसऱ्या पाटीवर कोणता ना कोणता क्लास भावी डॉक्टर घडवतो, आणि त्या भावी डॉक्टरांना राहायला खोल्या लागतात. दादाने, म्हणजे या भावाने, तीन खाटा सांगून ठेवल्या होत्या. सोमवारी खाटा आत, बाहुल्या बाहेर. शैलाची सोय स्वयंपाकघरालगतच्या पडवीत. तिथे टेबल मावत नाही. म्हणजे रविवार संध्याकाळपर्यंत पंधरा सेकंद पुरे करायचे, एकशे ऐंशी फोटो, नाहीतर सात वर्षांची फिल्म शेवटाशिवाय राहणार.

"येताना नांदगावहून माती घेऊन ये," ती म्हणाली. "एक पिशवी. बाकी काही आणू नको."

तर ही माती आणायची सहल.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी बडनेऱ्याला उतरायचं. बडनेरा म्हणजे अमरावती नव्हे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. पुढे रिक्षा करावी लागते आणि रिक्षावाला बॅगेकडे पाहून भाव सांगतो. मी तोंड उघडलं तेवढ्यावरच माझं पुणं त्याच्या ध्यानात आलं आणि भाव पन्नासने वाढला. "मी इथलीच आहे हो," म्हटलं. "मंग इतकं शुद्ध काहून बोलून राहिल्या?" तो म्हणाला. पन्नास दिले.

माहेरचं घर आता उरलेलं नाही, म्हणून स्टँडजवळच्या लॉजमध्ये बॅग टाकली आणि पहिलं काम केलं ते गिला वडा खाण्याचं. दह्यात बुडवलेला वडा, वरून चिंचेचं पाणी, तिखट. पुण्यात याला दहीवडा म्हणून साखर घालतात. त्या गुन्ह्याला अजून कलम सापडलेलं नाही. हातगाडीवर वरूडकडची संत्री आली होती. हिरवटच होती, पण आतून गोड. अमरावतीत काय पाहायचं असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: सकाळी अंबादेवीला जा, दुपारी झोपा, संध्याकाळी पुन्हा गिला वडा खा. बाकीचं शहर आता बाकीच्या शहरांसारखं दिसतं, ते तुम्ही तुमच्या गावात पाहिलेलं आहेच.

मी झोपले मात्र नाही. दुपारी नांदगाव खंडेश्वरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत नव्वद टक्के बायका आणि उभे राहिलेले पुरुष, हे दृश्य एकट्यानेच तिकिटाचे पैसे वसूल करतं. तासाभरात पोचले.

नांदगाव हे शैलाचं सासर. नवरा गेल्यावर वर्षभरात ती तिथून निघाली तेव्हा भांडी नेली नाहीत, दागिने मागितले नाहीत. वावरातल्या काळ्या मातीचं एक पोतं टेम्पोत टाकलं आणि आली. शाळेतल्या पोरांना बैल-बाहुल्या शिकवायला म्हणून. फिल्ममधलं अंगण त्याच मातीचं, चाळून, डिंकाच्या पाण्यात कालवून लिंपलेलं, कारण नुसती ठेवली तर दिव्यांच्या उष्णतेने भेगाळते. शेवटच्या शॉटच्या तोंडाशी पोतं संपलं. दुसरी माती चालत नाही, रंग बदलतो. तिथे जायची तिची स्वतःची तयारी नव्हती. म्हणून मी.

तिच्या दिराने खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी कशासाठी आले ते सांगितल्यावर स्वतःचा कप खाली ठेवला.

"माती?"

"हो. एक पिशवी."

"वहिनीले पायजे?"

"हो. फिल्मसाठी."

त्यांनी आत बघितलं. आतून त्यांची बायको दारात आली. दोघांचं डोळ्यांनी काहीतरी ठरलं. "म्हणजे हे कागदाचं काही नाई नं? सही-गिही?"

"नाही हो. माती फक्त."

"मंग एक काहून, दोन पिशव्या न्या," ते एकदम मोकळे झाले आणि स्वतः फावडं घेऊन उठले. "माती लागन तितकी न्या, ताई. सातबारा नका मागू."

चौदा वर्षं शैलाच्या वाट्याचे दोन एकर पोटाशी धरून बसलेला माणूस इतका दिलदार झालेला मी पहिल्यांदा पाहिला. पिशवीचं तोंडही त्यांनीच सुतळीने बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी अकोल्याची गाडी. रस्ता आता खरंच चांगला झाला आहे; पूर्वी या रस्त्याने गेलं की मणके पुन्हा क्रमाने लावून घ्यावे लागत. दोन-अडीच तास, मध्ये मूर्तिजापूरला चहा. दोन्हीकडे सोयाबीन निघालेलं, कापूस फुटायला आलेला. कंडक्टरने पिशवीला पाय लावून पाहिला.

"काय हाय, ताई?"

"माती."

"माती?" त्याने तिकिटाचं मशीन थांबवलं. "अकोल्याची संपली काय?"

मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "भुलाबाईची आसन, बापा. तुले काय करा लागते? तिकीट फाड."

आजींनी नेमकं ओळखलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी बसते. पोरी टिपऱ्या घेऊन संध्याकाळी गाणी म्हणतात. गाण्यांत सासरच्या माणसांचा उद्धार असतो, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. महिनाभर तिचं कौतुक, मग बोळवण. शैलाच्या फिल्ममधली भुलाबाई मात्र सासरी जात नाही आणि माहेरीही राहत नाही. शेवटच्या पंधरा सेकंदांत ती पाटावरून उठते, अंगण ओलांडते आणि उंबऱ्याबाहेर जाते. कुठे, ते फिल्म सांगत नाही. मी शैलाला विचारलं होतं. "मले मालूम असतं तं मीच नसती का गेली?" म्हणाली.

जठारपेठेत पोचले तेव्हा बारा वाजले होते. दार उघडून शैलाने आधी पिशवीत हात घातला, माती चिमटीत चोळली, मग माझ्याकडे पाहिलं. "हाच रंग पायजे होता," म्हणाली. आणि लगेच, "हा पिवळा ड्रेस घालून आत नको येऊ. गाल पिवळे पडतात तिचे."

कपड्याचा रंग प्रकाशाबरोबर बाहुलीवर उतरतो, म्हणून ती स्वतः सात वर्षं एकाच गडद निळ्या कुडत्यात काम करते. मला तिने दादाच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, जुना काळा रेनकोट घातला. ऑक्टोबरच्या अकोल्यात, बंद खिडक्यांत, पंखा न लावता, रेनकोट. पंखा चालत नाही कारण लुगड्याचा पदर हलतो आणि पडद्यावर तो पदर वेड लागल्यासारखा थरथरतो. दिवे इन्व्हर्टरवर, कारण शेजारी पाण्याची मोटर लागली की व्होल्टेज पडतं आणि भुलाबाईवर ढग येतो. टेबलाला हात लावायचा नाही. टेकायचं नाही. बाहुली जवळून पाहायची तर श्वास बाजूला सोडायचा.

"देवळातही इतकं सोवळं नसतं," मी म्हटलं.

"देवळातली मूर्ती चालून दाखवते काय?"

भुलाबाई वीतभर उंच. आत ॲल्युमिनियमची दुहेरी पिळलेली तार, वरून तेलातली चिकणमाती, जी सुकत नाही. मे महिन्यात लोण्यासारखी पाघळते म्हणून उन्हाळ्यात काम बंद. पायांच्या तळव्यांत एकेक नट. फळीला खालून भोकं. एक पाऊल टाकायचं म्हणजे टेबलाखाली वाकून स्क्रू सोडायचा, पाय उचलायचा, पुढे न्यायचा, पुन्हा खाली वाकून कसायचं. शैलाची कंबर गेली आहे ती अशी, पावलापावलाने. पापण्या म्हणजे मातीच्या नखाएवढ्या चकत्या, कंपासच्या टोकाने बसवायच्या. लुगड्याच्या आत चॉकलेटची चांदी लावलेली, म्हणजे चुणी जिथे सोडली तिथेच राहते. कपाळ कोरं. ते मला खटकलं.

तोवर एकशे चौदा फोटो झाले होते. तिने मला ते लॅपटॉपवर चालवून दाखवले.

साडेनऊ सेकंद. मी उपरोधावर पोट भरणारी बाई आहे, मला कौतुक करायची सवय नाही. पण पाटावरून उठण्याआधी त्या मातीच्या बाईने श्वास घेतला. नुसते खांदे दोन फोटोंत केसभर वर, तीन फोटोंत खाली. उठून उभं राहताना तिने गुडघ्यावर हात टेकला, आपण सगळ्या पन्नाशीनंतर टेकतो तसा. मग चालताना एकदा मागे वळून पाटाकडे पाहिलं. त्या पाहण्याला शैलाची अख्खी सुट्टीची दुपार लागली होती. मी रेनकोटच्या बाहीने डोळे पुसले. मी म्हटलं, "रेनकोटमध्ये फार उकडतंय."

"रडायचं असन तं बाहेर जाऊन रड," ती म्हणाली. "इथं दमट होते."

दिवसभर मी कोपऱ्यात स्टुलावर बसून पाहिलं. हलव, वाक, कस, दूर हो, बटण दाब. कॅमेऱ्याचं बटण लांब वायरीला लावलेलं, तिच्या डाव्या मुठीत. एकशे तीस. एकशे पस्तीस. भुलाबाई उंबऱ्यापासून दोन पावलांवर आली. जेवायला बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी होती. वहिनीचा हात सढळ आहे, विशेषतः तिखटाला. दोनदा दादा दारात येऊन खोलीची लांबी नजरेने मोजून गेले. एकदा म्हणाले, "खाटा सहा फुटी हायत." शैला पुढचा स्क्रू कसायला खाली वाकली.

संध्याकाळी समोरच्या खोलीत गल्लीतल्या पोरी जमल्या, टिपऱ्या सुरू झाल्या. एकशे चाळीस झाले होते. शैलाने पुढचा पाय कसला, उभी राहिली, बाहुली आणि दार यांच्या मधोमध थांबून सगळं नजरेखालून घातलं. तेवढ्यात सुनंदावहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारातूनच म्हणाल्या, "तुमी काही बाहेर याच्या नाई. घ्या, मीच आणलं. पाव्हणीले कोरं कसं ठेवू?"

मी उठले. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं. मी ताट हातात घेऊन त्यांना लावलं. आणि मग ताट घेऊन वळले, चार पावलं टाकली, शैलाच्या बाजूने गेले, आणि त्या कोऱ्या कपाळाला अनामिकेने कुंकू टेकवलं. बोट अजून तिथेच होतं, वर नमस्कारही करणार होते.

टक.

शैलाच्या मुठीतलं बटण दाबलं गेलं होतं.

"अगं बाई," वहिनी मागून म्हणाल्या, "आता कशी भरल्यासारखी दिसून राहिली!"

भुलाबाईची मान डाव्या बाजूला कलली होती. कपाळावर माझ्या बोटाचा खळगा, आणि त्यात कुंकू. तेलातल्या मातीत कोरडं कुंकू मुरतं. ते निघत नाही, पसरतं.

"शैला, शॉट..." मी म्हटलं. "मी पुसते. कापसाने..."

"पुसता काय?" वहिनी दचकल्या. "ऐन भुलाबाईत? अशानं काय होते मालूम हाय नं?"

त्या ज्या बाईसमोर हे म्हणाल्या, तिला नीट मालूम होतं. वहिनी ताट घेऊन गेल्या.

"पुन्हा पहिल्यापासून करता येईल?" मी विचारलं.

"उद्या रविवार. चार दिवसांचं काम हाय."

"मग डोकं नवीन करून..."

"रंग जुळत नाई." तिने वायर टेबलावर ठेवली. अजून आवाज चढवला नव्हता. "शॉटचं जाऊ दे, नीलू. तू बाहुलीले कुंकू लावलं."

"सवयीने हात गेला गं."

"हो." ती म्हणाली. "मी मधात उभी होती."

माझ्या जुन्या वाचकांना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी मी इथेच हळदीकुंकवावर लिहिलं होतं. सवाष्णींचा क्लब, नवऱ्याच्या नाडीवर ठरणारं सभासदत्व, दारात थांबलेली बाई वगैरे. माझा सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख. शैलानेही वाचला होता. "छान लिहिलं," एवढंच कळवलं होतं. त्या लेखात एक वाक्य होतं, की प्रथा डोक्यात नसतात, हातात असतात. लिहिताना ते मला फार चमकदार वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी समोरच्या खोलीत पोरींबरोबर बसले. पोरी खिरापत ओळखायला सांगत होत्या. "गोड की तिखट?" मी विचारलं. "कडू!" एक पोरगी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. डब्यात चिवडा होता.

रविवारी सकाळी मी रेनकोट अंगावर चढवत होते, तेव्हा शैला दारात आली. "आज तू आत नको येऊ."

"मी कोपऱ्यात बसते. हात बांधून."

"नाई."

दार लागलं. दुपारपर्यंत आतून फक्त टक, मग लांब शांतता, मग टक. दोन वाजता मी निघाले. दादांनी रिक्षापर्यंत बॅग आणली. रस्त्यात विचारलं, "पुण्यात अशा पिक्चरले कोनी पाह्यते काय?" मी म्हटलं, पाहतात. "मंग बरं," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "खोली द्यायची माही बी काई हौस नोती." मी त्यांच्या हातून बॅग घेतली. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर आलूबोंडा खाल्ला. चांगला असतो, खा.

परत येऊन महिना होऊन गेला. दिवाळीनंतर एके दिवशी शैलाने फिल्मची लिंक पाठवली, सोबत एक शब्दही नाही. नवरा आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून पाहिली. भुलाबाई उठते, श्वास घेते, गुडघ्यावर हात टेकते, मागे वळून पाहते, चालू लागते. उंबऱ्यापासून दोन पावलांवर पडद्यावर काहीतरी चमकून जातं. डोळा मिटायच्या आत संपतं. त्यानंतर तिची मान कललेली आहे आणि कपाळ लाल आहे.

ती थांबते. मग उजवा हात वर नेते, हळूच, जडपणाने, आणि कपाळ पुसते. कुंकू निघत नाही, भुवईपर्यंत पसरतं. ती बोटांकडे पाहते. मान सरळ करते. उंबरा ओलांडते. एकोणचाळीस फोटो, मी मोजले. रविवारच्या दुपारपर्यंत आणि नंतरही, बंद दाराआड, ती हेच करत होती.

"तो मधला हात काय कल्पना आहे!" नवरा म्हणाला. "समाजाचा हात ना?"

"हो," मी म्हटलं.

तो झोपायला गेल्यावर पुन्हा लावली आणि तिथे थांबवली. अख्खा पडदा भरून हात. माझ्या दोन बांगड्या, लेकाने दिलेलं घड्याळ, काळ्या रेनकोटची बाही, कुंकवाने माखलेली अनामिका. आणि हाताच्या मागे, फोकसच्या बाहेर, गडद निळ्या कुडत्याचा एक पट्टा.

प्रवासाच्या शेवटी काय हाती लागलं ते सांगायची इथली पद्धत आहे. वऱ्हाडात ऑक्टोबरात जा, सुती कपडे न्या, पाणी भरपूर प्या, तिखटाला 'चालेल' म्हणू नका. त्या जुन्या लेखाखाली अजून लोक टाळ्यांची चित्रं टाकतात. तो काढून टाकणार होते, मग ठेवला, लोकांना कळू दे. शैलाला "छान झाली" एवढंच कळवलं. याहून जास्त लिहायचा हक्क उरला नव्हता. तिचा निरोप आला की पडवीत टेबल मावत नाही, पण स्टूल मावतं.

पहिल्यांदा पाहताना काळा पडदा आला तशी मी लिंक बंद केली होती. दुसऱ्यांदा शेवटची नावं पाहिली. तीनच ओळी होत्या.

माती: नांदगाव खंडेश्वर.
खोली: दादा.
हात: नीलू.